कार्ड ३१७ आत आहे

१

वायरमन सापडला तो बुधवारी, दुपारी पावणेदोनला. औषधांच्या त्या शीतगृहात चार नंबरची खोली सगळ्यात आतली आणि सगळ्यात थंड, उणे पंचवीस. खोकी काढायला गेलेल्या बाईला आधी आडवी पडलेली शिडी दिसली, मग बूट दिसले. बूट कुणाचे हे तिला लगेच कळलं. डाव्या बुटाला लेसच्या जागी वायर बांधलेली होती.

वर पंख्याचं झाकण उघडं लोंबत होतं. डॉक्टर म्हणाले, शिडीवरून घसरला, डोकं आपटलं. "मार जिवावरचा नव्हता. थंडीनं घेतला. तासाभरात कुणी आत गेलं असतं तर वाचला असता."

आणि कुणीतरी आत जायलाच हवं होतं. त्यासाठीच तर तिथे 'दुवा' होता.

'दुवा' हा एक प्रोग्रॅम. इमारतीतलं प्रत्येक यंत्र आपापली रोजनिशी लिहीत असतं, तिला लॉग म्हणतात. दाराची वेगळी, पंख्यांची वेगळी, कार्ड टेकवायच्या डबीची वेगळी. एकेकटी ओळ वाचून काही कळत नाही. 'दुवा' सगळ्या रोजनिश्या एकदम वाचायचा आणि ओळीला ओळ जोडायचा. कार्ड आत गेलं, दार लागलं, पंधरा मिनिटं झाली, कार्ड बाहेर आलं नाही. मग सायरन.

वायरमन अकरा वीसला आत गेला होता. अकरा पस्तीसला सायरन वाजायला हवा होता. तो वाजला नाही.

तो वाजला गुरुवारी, दुपारी ठीक तीनला. कंट्रोल रूमच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'खोली चार. कार्ड ३१७ आत आहे. पंधरा मिनिटं झाली. बघा.'

दोघं धावत गेले. दार उघडलं. आत पांढरी वाफ, खोक्यांच्या रांगा आणि पंख्याची घरघर. माणूस नव्हता. असणार तरी कुठून? ३१७ हे वायरमनचं कार्ड, आणि ते लाख लावलेल्या पाकिटात मॅनेजरच्या कपाटात होतं.

शुक्रवारी तीनला परत तेच. शनिवारी परत. रविवारी चार नंबरच्या खोलीत पाऊल टाकायला कुणी तयार होईना.

२

जिच्या हातून तो प्रोग्रॅम तिथे पोचला होता, तिला तिच्या ऑफिसात सगळे पुडीवाली म्हणायचे. लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम घ्यायचे, तपासायचे, नीट बांधून त्यांचं पॅकेज करायचं, म्हणजे कुठल्याही दवाखान्यात किंवा गोदामात ते एका आज्ञेसरशी बसावं. नवी आवृत्ती आली की सोडायचं, परत बांधायचं. असं वीस वर्षं. "बाकीचे पुड्या सोडतात, ही एकटी बांधते," हा तिच्यावरचा जुना विनोद, आणि तिला तो अजूनही आवडायचा.

सोमवारी सकाळी साहेबांनी बोलावलं तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं.

"'दुवा'ची नवी आवृत्ती कधी बांधलीस?"

"गेल्या मंगळवारी. सोमवारी आली, मंगळवारी बांधली."

"शीतगृहात ती बुधवारी सकाळी नऊला चढवली. अकराला त्यांचा माणूस आत अडकला आणि सायरन मुका. ते म्हणतात, अपडेटनं घात केला. तुझी पुडी आहे, तूच जा."

जागेवर येऊन तिनं 'दुवा'ची फाईल उघडली. ज्यांनी तो लिहिला त्यांना ती मास्तर म्हणायची, कारण पत्राखाली ते एवढंच लिहायचे. निवृत्त गणितशिक्षक. बारा वर्षांत भेट एकदाही नाही, पण पत्रं शेकड्यांनी. 'इथे एक चूक आहे, बघा.' 'हे वाक्य नीट झालं का, बघा.' प्रोग्रॅमचे सगळे संदेशसुद्धा 'बघा'वर संपायचे. वर्गात फळ्याकडे बोट दाखवून बोलायची सवय, दुसरं काय.

नव्या आवृत्तीवर मास्तरांची सही होती. ही सही शाईची नसते. त्यांच्या एकट्याच्या गुप्त किल्लीनं उमटलेली असते आणि तिची नक्कल करता येत नाही. मंगळवारी तिनं ती ताडून पाहिली होती. बरोबर होती. चाळीस मिनिटांत पॅकेज बांधून ती मोकळी झाली होती. दरवेळी ती मास्तरांना चार प्रश्न विचारायची, या वेळी एकही विचारला नव्हता. घाई होती.

तिनं पत्र लिहिलं: 'मास्तर, नव्या आवृत्तीबद्दल तातडीनं बोलायचं आहे.'

दहा मिनिटांत उत्तर आलं.

'बाबा गेले. उद्या दोन महिने होतील. मुलगी.'

पुडीवालीनं सहीची तारीख परत पाहिली. ती आठ दिवसांपूर्वीची होती.

३

"मेलेल्या माणसाचा प्रोग्रॅम आणि मेलेल्या माणसाचं कार्ड," पुडीवालीनं मुलीचं उत्तर दाखवलं तेव्हा शीतगृहाचा मॅनेजर म्हणाला. "छान जोडी जमली. आम्ही मधल्या मध्ये मरतोय."

त्याची खोली चकचकीत होती. टेबलावर एक कागद इकडचा तिकडे नाही. तो रात्रभर झोपला नसावा, पण दाढी केलेली होती.

"बुधवारपासून सांगा," पुडीवाली म्हणाली.

"पावणेदोनला सापडला. अडीचला पोलीस आले. तीनला आम्ही सगळे कंट्रोल रूममध्ये उभे होतो. एक शब्द कुणी बोलत नव्हतं. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मी तिथल्या तिथे हुकूम काढला, आजच्या एकाही लॉगला हात लावायचा नाही, आहे तिथे आहे तसा राहू द्या. एरवी रोज मध्यरात्री ते आपोआप उचलून साठ्यात जातात. ते थांबवलं."

"आणि गुरुवारी तीनला सायरन वाजला."

"मी स्वतः धावलो." त्यानं आवाज खाली आणला. "बाई, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण दार उघडलं तेव्हा आत कुणीतरी नुकतंच श्वास सोडल्यासारखी वाफ होती."

पुडीवालीचं लक्ष भिंतीकडे गेलं. पांढऱ्या फळ्यावर तक्ता होता, वर मथळा 'विनाकारण सायरन'. खाली कार्डांचे नंबर आणि महिन्यागणिक रेघा.

"हे काय?"

"शिस्त. माणूस आत काम करत बसतो, पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन कार्ड टेकवायचं विसरतो, सायरन वाजतो, सगळी इमारत पळते. मग मी दर सोमवारी मीटिंगमध्ये नावं वाचतो. ३१७ तर पहिला नंबर सोडायचा नाही. पंख्याची दुरुस्ती म्हणजे पाऊण तास आत. एका महिन्यात अकरा वेळा वाजवला त्यानं."

"आणि नंतर?"

"शून्य. मागचा महिना शून्य, हा महिना शून्य. लावली की लागते शिस्त."

"पंख्यांची कामं कमी झाली असतील."

"छे हो! वाढलीत. जुने पंखे आहेत. आठवड्यातून दोनदा तरी तो आत असायचाच."

पुडीवालीनं वहीत 'शून्य' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. फळ्यावर ३१७च्या पुढचे रिकामे चौकोन तिला एकाएकी त्या खोलीइतके थंड वाटले.

४

कंट्रोल रूम सांभाळणारा सिस्टीमवाला तिशीचा होता. गरम खोलीतही त्यानं जाड जाकीट घातलं होतं, गळ्यापर्यंत बंद. वायरमन त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा.

"दाजींनीच मला इथे चिकटवलं," तो म्हणाला. "नाहीतर मी कुठला? ताईच्या लग्नात मी शाळेत होतो. सायकल चालवायलासुद्धा दाजींनी शिकवलं."

"ताई कशा आहेत?"

"बोलत नाही. रोज जातो मी. ती दार उघडते, चहा ठेवते, बोलत नाही."

पुडीवालीनं खुर्ची ओढली. "बुधवारी अपडेट तुम्हीच चढवलंत?"

"हो. नऊला. पण मी धोका नाही पत्करत, मॅडम. त्यानं नेहमीसारखं विचारलं, नियमांची जुनी फाईल ठेवू की नवी घालू? मी जुनीच ठेवली. चालतंय ते कशाला मोडा?"

पुडीवालीचं पेन जागीच थांबलं.

"ती फाईल बघू शकते?"

त्यानं उघडून दिली. सायरन कधी आणि कुणासाठी वाजवायचा, हे 'दुवा'ला त्या फाईलमधून कळतं. तिनं ती ओळ न् ओळ वाचली. मग आपल्या लॅपटॉपवरची, स्वतः बांधलेली फाईल शेजारी ठेवून परत वाचली. स्वच्छ होती, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"रोज तीनलाच का वाजतो?" तिनं विचारलं.

"शिफ्ट बदलते तेव्हा 'दुवा' बंद होऊन परत चालू होतो. आपोआप. सतत चालला की सुस्तावतो, म्हणून मीच लावून ठेवलंय." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "झालेच तीन."

त्याचं वाक्य संपायच्या आत सायरन सुरू झाला. पडद्यावर तीच अक्षरं. बाहेर कुणीतरी हातातलं खोकं टाकून पळाल्याचा आवाज आला.

"मी आत जाते," पुडीवाली म्हणाली.

"मॅडम, नको!"

"मास्तरांनी बघा म्हटलंय. बारा वर्षं बघतेय मी."

तिला पाहुण्यांचं कार्ड आणि कुणाचं तरी जाकीट मिळालं. चार नंबरचं दार तिच्यामागे लागलं तसा बाहेरचा सायरन दूर गेला, पाण्याखालून ऐकू यावा तसा. खोक्यांवर हिमाचं पीठ बसलं होतं. फरशीवर एका जागी ते नव्हतं. माणसाएवढी लांब, काळसर जागा, पुसल्यापासून परत हिम न धरलेली. पुडीवाली तिच्याकडे पाहत उभी राहिली. तिच्या श्वासाची वाफ वर जात होती, आणि तिला वाटलं, आपल्या एकटीच्या श्वासाला ही जरा जास्तच आहे.

तेवढ्यात छतातल्या कर्ण्यातून यंत्राचा सपाट आवाज आला, अगदी डोक्यावर.

"खोली चार. कार्ड ३१७ आत आहे. पंधरा मिनिटं झाली. बघा."

ती मागे वळली. मागे कुणी नव्हतं.

५

मास्तरांच्या घरी त्यांची खोली जशीच्या तशी होती. टेबल, खडूच्या रंगाची शाल, आणि कोपऱ्यात चालू असलेला कॉम्प्युटर. त्याचा पंखा हळूहळू फिरत होता, झोपलेल्या माणसासारखा.

"बंद करवत नाही," मास्तरांची लेक म्हणाली. चाळिशीची, दातांची डॉक्टर. दवाखान्यातून तशीच आली होती. "रात्री त्याचा आवाज येतो तेव्हा वाटतं, बाबा अजून बसलेत."

"नवी आवृत्ती तुम्ही पाठवलीत."

तिनं डोळे मिटले. "हॉस्पिटलात असताना त्यांनी परवलीचा शब्द कानात सांगितला. म्हणाले, आवृत्ती तयार आहे, फक्त सही करून सोडायची आहे. दोन यंत्रांची घड्याळं वेगवेगळी चालत असतील तर 'दुवा' फसतो, ते त्यांनी दुरुस्त केलं होतं. त्यांच्या माघारी मी सात आठवडे त्या बटणाकडे बघत होते. दाबलं की त्यांचं शेवटचं कामही संपलं असतं. गेल्या सोमवारी दाबलं."

"सांगितलं का नाहीत, ते गेले म्हणून?"

"त्यांच्याच सहीनं जाऊ दे वाटलं. एकदाच." तिनं टेबलावरची शाल सारखी केली. "दुपारी शीतगृहातून फोन आला होता. मॅनेजर होते. म्हणाले, तुमच्या वडलांनी मेल्यावर माणूस मारला. खरं सांगा, मी मारलं का त्या माणसाला?"

पुडीवालीनं मास्तरांच्या कॉम्प्युटरवर रात्री आठपर्यंत बसून त्यांचं शेवटचं काम तपासलं. एकेक बदल, एकेक ओळ. चूक सापडावी असं तिला वाटत होतं आणि सापडू नये असंही.

सापडली नाही. ही आवृत्ती असताना सायरन वाजायलाच हवा होता. जुनी असती तरी वाजायला हवा होता.

मग तो मुका कुणी केला?

६

बसमध्ये सकाळी ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. समोरच्या बाकावर एक आजी नातीला गोष्ट सांगत होत्या. "...आणि मग ते भूत अमावास्येला, बरोब्बर त्याच वेळेला यायचं."

पुडीवाली ताठ बसली.

वायरमन आत गेला अकरा वीसला. जीव गेला असेल बारा-साडेबाराला. तीनशी त्याचा संबंध काय? भूत असतं तर आपल्या वेळेला आलं असतं. हे शिफ्टच्या वेळेला येत होतं.

तीनला 'दुवा' नव्यानं चालू होतो आणि समोर असतील त्या रोजनिश्या पहिल्या ओळीपासून वाचतो. एरवी जुन्या उचललेल्या असतात. पण मॅनेजरच्या हुकुमानं बुधवारची तिथेच पडून होती. म्हणजे 'दुवा' रोज तीनला बुधवार वाचत होता. कार्ड ३१७ आत गेलं. बाहेर आलं नाही. आणि रोज इमानेइतबारे ओरडत होता. जे बुधवारी ओरडायचं होतं, तेच. उशिरा.

पण मग बुधवारी तीनला? तेव्हाही तो नव्यानं चालू झाला होता. तीच रोजनिशी, तोच प्रोग्रॅम. आणि टाचणी पडली असती तरी ऐकू येईल अशी शांतता.

बस थांब्यावर थांबली. तिला उतरायचं भान राहिलं नाही, कंडक्टरनं हाक मारली तेव्हा उतरली.

दुपारी पावणेतीनला तिनं मॅनेजरला कंट्रोल रूममध्ये बोलावलं. दारात माल काढणाऱ्या बायका येऊन उभ्या राहिल्या, त्यांना कुणी हटकलं नाही. सिस्टीमवाला पडद्यासमोर बसला होता.

"उठ," ती त्याला म्हणाली. कालचं 'तुम्ही' तिच्या तोंडून गळून पडलं होतं. "मला बसू दे."

तिनं नियमांची फाईल उघडली आणि तिच्यात एक ओळ लिहिली. मॅनेजर वाकून वाचू लागला. "कार्ड ३१७ वगळा. हे काय?"

"थांबा. पाच मिनिटं."

भिंतीवरचा काटा सरकत होता. बायकांपैकी एकीनं दुसरीचा हात धरला. तीन वाजले. 'दुवा' बंद झाला, परत चालू झाला.

काही वाजलं नाही.

पडदा कोरा. एक मिनिट गेलं, दोन गेली. गुरुवारपासून पहिल्यांदाच तीन वाजून गेले होते आणि इमारत गप्प होती. ती शांतता सायरनपेक्षा वाईट होती.

पुडीवालीनं ओळ खोडली आणि 'दुवा' हातानं परत चालू केला. त्याच क्षणी सायरन किंचाळला. 'कार्ड ३१७ आत आहे.' तिनं तो बंद केला आणि खुर्ची सिस्टीमवाल्याकडे वळवली.

"बुधवारी शांतता, गुरुवारी सायरन. मधल्या वेळात ही एक ओळ नाहीशी झाली. ती घालायला आणि काढायला या खोलीत दुसरं कोण बसतं?"

"अपडेटनं..." तो म्हणाला.

"अपडेट बुधवारी नऊचं. वायरमनचे सायरन दोन महिन्यांपासून बंद आहेत, फळ्यावर बघ. आणि तू मला स्वतःच सांगितलंस. जुनी ठेवू की नवी घालू, असं त्यानं विचारलं म्हणालास. बाळा, तो प्रश्न मी लिहिलाय. फाईल कुणी हातानं बदललेली असेल तरच तो विचारला जातो. नसेल तर पॅकेज काही न विचारता नवी फाईल घालून मोकळं होतं. आणि तू जुनी ठेवलीस म्हणालास, पण काल मी पाहिली ती अक्षर न् अक्षर नवी होती. बुधवारी संध्याकाळी तू ती बदललीस. मागे राहिलेली जुनी प्रत पुसलीस."

मॅनेजर चवताळून पुढे आला. "म्हणजे यानं स्वतःच्या मेव्हण्याला..."

"गप्प बसा," पुडीवाली म्हणाली. तो बसला.

सिस्टीमवाल्यानं जाकिटाची चेन उघडली.

"दाजी म्हणाले, दर सोमवारी सगळ्यांसमोर माझं नाव घेतात," तो म्हणाला. "म्हणाले, शिडीवरून दर पंधरा मिनिटांनी उतरू की काम करू? घरी गेलो की तुझी ताई विचारते, तोंड का उतरलंय. तेवढा माझा नंबर वगळ. मी नको म्हटलं. ते हसले. म्हणाले, अरे मी वायरमन आहे, कुठे हात घालायचा नाही ते मला कळतं. त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. एक ओळ होती, मॅडम. एकच."

"आणि सायरन रोज वाजत होता तेव्हा?"

"पहिल्या दिवशी मलाही वाटलं, दाजीच आलेत. मला विचारायला आलेत. दुसऱ्या दिवशी कळलं, का वाजतोय ते. पण तेवढंच कसं सांगणार? सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं." तो फरशीकडे बघत होता. "मी माझी ओळ पुसली म्हणून तो बोलायला लागला."

७

अहवाल पुडीवालीनं त्याच दिवशी लिहिला. त्यात सिस्टीमवाल्याचं कृत्य लिहिलं, वायरमनची मागणीही लिहिली. मॅनेजरच्या फळ्यासाठी वेगळा परिच्छेद लिहिला.

"मी कुठे म्हटलं होतं सायरन बंद करा?" मॅनेजर म्हणाला.

"नाही म्हटलंत. तुम्ही फक्त वाजवणाऱ्याची लाज काढलीत."

शेवटचा परिच्छेद तिनं स्वतःवर लिहिला. माझं पॅकेज कुणालाही गुपचूप वगळू देत होतं, हे मला बारा वर्षांत खटकलं नाही. यापुढे वगळलेला प्रत्येक नंबर रोज सकाळी कर्ण्यावरून मोठ्यानं वाचला जाईल आणि संध्याकाळी आपोआप परत यादीत येईल.

मग तिनं मास्तरांच्या लेकीला फोन केला. "तुमच्या बाबांची आवृत्ती निर्दोष आहे. बुधवारी ती ऐकली असती तर माणूस वाचला असता."

पलीकडे बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं.

"आणि त्यांची किल्ली?"

"ती आता रद्द करू. 'दुवा' मी सांभाळते. पुढच्या आवृत्तीवर माझी सही असेल."

पोलीस येऊन सिस्टीमवाल्याचा जबाब घेऊन गेले, उद्या परत हजर राहायला सांगून. तो गेटपाशी उभा होता.

"मॅडम, ताईला कागदावरून कळायला नको. मला सांगायचंय. एकट्यानं पाय उचलत नाही."

ती त्याच्याबरोबर गेली. तीन जिने होते. दार उघडलं ती त्याच्यासारख्याच नाकाची, त्याच्याहून थोडी मोठी बाई होती. तिनं दोघांना पाहिलं आणि दारातून हटली नाही.

"ताई, दाजींचा नंबर मी..."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. सहा दिवसांनी तिचा आवाज खरखरीत निघाला होता. "ज्या दिवशी तू केलंस त्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं. खुशीत होते. म्हणाले, तुझ्या भावानं माझी कटकट मिटवली. मीपण हसले. तू रोज येत होतास, चहा पीत होतास. मी वाट बघत होते, सांगतोस कधी."

तो भिंतीला धरून खाली बसला. पुडीवाली पायरीवर मागे सरकली. हे आपल्यासमोर घडायला नको होतं, असं तिला वाटत होतं, पण जाता येईना.

"रडू नकोस," बहीण म्हणाली. "रडणं मग. आधी मला एक सांग. डॉक्टरांना विचारलं तर ते इकडचं तिकडचं बोलतात. तुझ्याकडे तिथलं सगळं लिहिलेलं असतं ना? ते तिथे पडून होते, तेव्हा त्यांना कळत होतं का रे? हाका मारत होते का?"

त्यानं मान वर केली. उत्तर द्यायला त्याला कुठलाही कागद बघावा लागला नाही. सहा दिवस तो तेच वाचत होता.

"त्या खोलीतला दिवा हालचालीवर चालतो, ताई. कुणी हात जरी हलवला तरी पेटतो. हालचाल थांबली की पाच मिनिटांनी विझतो. दाजी अकरा वीसला आत गेले. दिवा अकरा एकतीसला विझला."

"मग?"

"पावणेदोनला दार उघडेपर्यंत परत पेटला नाही. एकदाही नाही."

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, अकरा वीस, अकरा एकतीस, पाच वजा. ती जिवंत वेळ मोजत होती.

"म्हणजे सहा मिनिटं," ती म्हणाली. "आणि ती शिडीवरच. काम करताना."

"हो."

"नंतर काही कळलं नाही."

"नाही कळलं, ताई."

तिनं पदरानं तोंड झाकलं आणि सहा दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं. भाऊ उठून उभा राहिला, पण जवळ जायची त्याची हिंमत होईना. तिनंच हात लांब करून त्याच्या जाकिटाची बाही धरली. ओढलं नाही, सोडलंही नाही.

पुडीवाली हलक्या पावलांनी जिना उतरू लागली.